पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका होत्या. महाराष्ट्रातील सुवार्तावादी, म्हणजेच इव्हँजेलिकल, प्रॉटेस्टंट परंपरेतील त्या एक प्रमुख व्यक्ती मानल्या जातात.

बालपण व पांडित्य

रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंचे शिक्षण आईकडूनच झाले. कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगून उदरनिर्वाह करी. दुष्काळात आई-वडिलांचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई व बंधू श्रीनिवास भ्रमण करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या.

१८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या कन्या मनोरमा हिच्यासह पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

धर्मांतर

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने राहत असता २९ सप्टेंबर, १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर तीव्र टीका झाली. महात्मा फुले यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तथापि बाप्तिस्म्याने रमाबाईंचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा यांविषयी त्यांचे आपल्या गुरुभगिनींशी दीर्घ मतभेद झाले. एका धर्मातील शास्त्र्यांचा अधिकार नाकारल्यावर दुसऱ्या धर्मातील पुरोहितांचा अधिकार निमूटपणे स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते.

अमेरिका व कॅनडा

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे व कॅनडात त्यांनी अनेक व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले.

शारदा सदन

११ मार्च, १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. दरम्यान १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला वळण लागले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला लाभला नव्हता, असे त्यांना वाटू लागले. वैयक्तिक परिवर्तनाचा असा अनुभव हे सुवार्तावादी पंथाचे मुख्य लक्षण होय. त्या स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही मुली तेथे येऊन बसत. यावरून वाद उसळला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मुक्ती मिशन व पुनरुज्जीवन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथील जमिनीवर त्यांची सोय केली. हेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या १,५०० वर गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. याच काळात पुण्यातील प्लेगप्रतिबंधक व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी सरकारवरही जाहीर टीका केली.

वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्तेनंतर जून १९०५ मध्ये मुक्ती सदनातही जागृती झाली. मुली रडून पापे कबूल करीत, मोठ्याने एकत्र प्रार्थना करीत व गटागटाने गावोगाव प्रचारास जात. १९०६ मध्ये लॉस एंजेलिस व कॅनडातील टोरोंटो येथे पेंटेकोस्टल जागृती दिसून आली. त्यामुळे या चळवळीचा उगम केवळ अमेरिकेत शोधणे अपुरे असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांच्या लेखनातून ही वार्ता चिलीपर्यंत पोहोचली.

बायबलचे भाषांतर व अखेर

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले; स्वतः संस्कृत पंडिता असूनही केलेली ही निवड लक्षणीय आहे. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले आणि ५ एप्रिल, १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला. भाषांतराचे काम त्यांनी मृत्यूपूर्वी पूर्ण केले होते.

मूल्यमापन

धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंची दीर्घकाळ उपेक्षा झाली, तर मिशनरी चरित्रांत त्यांचे चर्चशी झालेले मतभेद पुष्कळदा झाकले गेले. अलीकडील संशोधनात, विशेषतः मीरा कोसंबी यांच्या लेखनात, या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या गेल्या. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगाव येथील संस्थेचे कार्य आजही सुरू आहे.