प्रशांतचंद्र महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस (२९ जून, इ.स. १८९३ : कोलकाता – २८ जून, इ.स. १९७२ : कोलकाता) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते संस्थापक होत. मोठ्या प्रमाणावरील नमुना पाहणीचे शास्त्र, राष्ट्रीय नमुना पाहणीची उभारणी, ‘महालनोबिस अंतर’ हे सांख्यिकीय माप आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा यांसाठी ते ओळखले जातात. लोकांना विचारून किंवा शेतात मोजून मिळवलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि तो विश्वास तपासण्याची सोय पाहणीतच कशी करावी, हा त्यांच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न होता.

जन्म आणि शिक्षण

महालनोबिस यांचा जन्म कोलकात्यातील एका ब्राह्मो समाजी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव प्रबोधचंद्र आणि आईचे नाव निरोदबासिनी असे होते. शालेय शिक्षण ब्राह्मो बॉइज स्कूलमध्ये झाले. इ.स. १९१२ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तेथे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

मायदेशी परतण्याच्या सुमारास ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांच्या पाहण्यात आले. जीवशास्त्रातील मोजमापांना गणिताची शिस्त लावणारे हे लेखन वाचून ते प्रभावित झाले. अंकांचा संच विकत घेऊन त्यांनी तो बोटीच्या प्रवासातच वाचायला सुरुवात केली. भारतात आल्यावर ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे अध्यापन केले आणि पुढे ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. इ.स. १९२३ मध्ये त्यांचा विवाह निर्मलकुमारी यांच्याशी झाला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी या दांपत्याचे निकटचे संबंध होते. विश्वभारतीच्या स्थापनेनंतर सुमारे दहा वर्षे महालनोबिस यांनी त्या संस्थेचे संयुक्त चिटणीस म्हणून काम पाहिले.

संख्याशास्त्राकडे वळण

इ.स. १९२० मध्ये नागपूर येथे भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांच्याशी महालनोबिस यांची भेट झाली. अनंडेल यांच्याकडे कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे जमा होती. त्यांचे विश्लेषण त्यांनी महालनोबिस यांच्यावर सोपवले. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशी अनेक मापे एकत्र विचारात घेऊन दोन मानवसमूहांतील जवळीक किंवा अंतर कसे ठरवावे, हा प्रश्न या कामातून त्यांच्यापुढे आला. त्यावरच्या दीर्घ विचारातून पुढे ‘महालनोबिस अंतर’ ही संकल्पना सिद्ध झाली.

याच दशकात त्यांनी पुरांचा अभ्यास केला. इ.स. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये आलेल्या पुरानंतर पाणी अडवून धरणारी खर्चिक बांधकामे सुचवली जात होती. पावसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून महालनोबिस यांनी दाखवून दिले की, खरी गरज पाणी लवकर वाहून जाण्याची आहे. ओडिशातील ब्राह्मणी नदीचे पात्र गाळाने उंचावल्यामुळे इ.स. १९२६ चा पूर आला, असा अभियंत्यांचा समज होता. हा समजही जुन्या नोंदींच्या आधारे टिकला नाही. शासनाचा खर्च कोणत्या दिशेने व्हावा हे आकड्यांच्या योग्य विश्लेषणावर अवलंबून असते, हे या दोन्ही प्रसंगांतून स्पष्ट झाले.

१७ डिसेंबर, इ.स. १९३१ रोजी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली. प्रारंभी तिचे काम प्रेसिडेन्सी कॉलेजातील महालनोबिस यांच्या खोलीतूनच चाले. इ.स. १९३३ मध्ये संस्थेने ‘सांख्य’ हे संशोधनपत्र सुरू केले.

तागाची पाहणी

बंगालच्या अर्थव्यवस्थेत तागाला मोठे स्थान होते; परंतु दरवर्षी नेमके किती क्षेत्र तागाखाली आहे याचा भरवशाचा आकडा उपलब्ध नसे. मुंबई इलाख्यासारख्या रयतवारी प्रदेशात तलाठी गावोगाव पीकपाहणीची नोंद ठेवत असे. बंगालमध्ये कायमधारा पद्धती असल्याने गावपातळीवर अशी महसुली यंत्रणा नव्हती. त्यामुळे आकडे मिळवण्याचा मार्ग नव्यानेच शोधावा लागणार होता. इ.स. १९३७ पासून भारतीय मध्यवर्ती ताग समितीच्या साहाय्याने महालनोबिस यांनी हे काम हाती घेतले.

त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. पहिला, प्रत्येक शेताची नोंद करणारी संपूर्ण मोजणी. दुसरा, नकाशावरून यादृच्छिक रीतीने निवडलेल्या थोड्या तुकड्यांची काळजीपूर्वक पाहणी. मोजणी संपूर्ण असेल तर ती अचूकच असणार, असा सर्वसाधारण समज होता. महालनोबिस यांनी या समजालाच प्रश्न विचारला. संपूर्ण मोजणीसाठी हजारो तात्पुरते कर्मचारी घाईने भरती करावे लागतात. त्यांना पुरेसे प्रशिक्षण देता येत नाही आणि त्यांचे काम तपासायला माणसे उरत नाहीत. नमुन्याच्या पाहणीत मात्र थोडी, शिकवून तयार केलेली माणसे पुरतात आणि त्यांच्या कामावर देखरेखही ठेवता येते.

पद्धत निश्चित करण्यासाठी त्यांनी काही वर्षे लहान प्रमाणावर चाचणी पाहण्या घेतल्या. तुकड्याचा आकार किती असावा, एका भागात किती तुकडे घ्यावेत, प्रवासात आणि नोंदणीत किती वेळ जातो, आकार बदलल्यास अंदाजातील चूक किती कमी-जास्त होते, हे सर्व त्यांनी मोजले. दिलेल्या खर्चात चूक कमीत कमी कशी राहील, किंवा ठरावीक अचूकतेसाठी खर्च कमीत कमी कसा होईल, याचे गणित त्यांनी या अनुभवातून मांडले. प्रत्यक्ष पाहणीपूर्वी चाचणी पाहणी घेण्याची प्रथा रूढ होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

इ.स. १९४१ मध्ये संपूर्ण बंगाल प्रांतात नमुना पाहणी झाली. तिच्यानुसार तागाचे उत्पादन ७५.४० लाख गासड्या निघाले. त्याच वर्षी शेतागणिक झालेल्या संपूर्ण मोजणीतून ६३.०४ लाख गासड्यांचा अंदाज आला. हंगाम संपल्यावर व्यापार व जकातीच्या नोंदींवरून निघालेला आकडा ७५.६२ लाख गासड्या होता. प्रत्येक शेत मोजूनही संपूर्ण मोजणी सुमारे सहाव्या हिश्शाने कमी पडली, तर नमुना पाहणी व्यापारी आकड्याच्या अगदी जवळ पोहोचली.

परस्परांत गुंफलेले नमुने

नमुना लहान असल्यामुळे अंदाजात येणारी चूक गणिताने काढता येते. परंतु माहिती गोळा करणाऱ्या माणसाची चूक त्या गणितात येत नाही. एखादा कर्मचारी शेतावर न जाताच आकडा भरतो, दुसरा प्रश्न अशा रीतीने विचारतो की उत्तर एका बाजूला झुकते, तिसरा ऐकलेले नीट लिहून घेत नाही. नमुना कितीही मोठा केला तरी या चुका नाहीशा होत नाहीत.

यावर महालनोबिस यांनी परस्परांत गुंफलेल्या उपनमुन्यांची पद्धत शोधली. एकाच प्रदेशातून दोन किंवा अधिक स्वतंत्र नमुने निवडायचे आणि प्रत्येक नमुना वेगळ्या कर्मचाऱ्याकडे अथवा वेगळ्या तुकडीकडे द्यायचा. सर्व नमुने एकाच लोकसमूहाचे असल्याने त्यांचे निष्कर्ष जुळणे अपेक्षित असते. ते योगायोगाने संभवते त्याहून अधिक वेगळे आले, तर दोष माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या प्रक्रियेत आहे हे लगेच ध्यानात येते. कोलकात्याजवळील जगद्दल या गिरणी-वस्तीतील कामगार कुटुंबांच्या आर्थिक पाहणीत त्यांनी पाच अन्वेषकांना असे पाच स्वतंत्र नमुने दिले होते. या पद्धतीमुळे पाहणीच्या अहवालातच तिच्या विश्वसनीयतेचा पुरावा वाचकाला मिळू लागला.

बंगालच्या दुष्काळानंतरची पाहणी

इ.स. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मृत्युमुखी पडली. दुष्काळ ओसरल्यावर सांख्यिकी संस्थेने तीनशेहून अधिक गावांतील हजारो कुटुंबांची पाहणी केली. कुटुंबातील मृत्यू, दुष्काळापूर्वीचा व नंतरचा व्यवसाय, विकलेली किंवा गहाण टाकलेली जमीन, गमावलेली गुरे यांची माहिती घरोघर विचारून घेण्यात आली. एकाच कुटुंबाची आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवल्यामुळे, आपत्तीत कोणता वर्ग किती खाली घसरला हे मांडता आले. या पाहणीचा अहवाल इ.स. १९४६ मध्ये ‘सांख्य’मध्ये प्रसिद्ध झाला.

सुखात्मे यांच्याशी मतभेद

पिकाचे दर एकरी उत्पादन काढण्याच्या पद्धतीवरून महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात इ.स. १९४० नंतरच्या दशकात गाजलेला वाद झाला. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. ते त्या वेळी कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ होते. नजरअंदाजाने काढलेली आणेवारी पुरेशी नाही, पीक प्रत्यक्ष कापून व तोलून पाहिले पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. मतभेद कापणीच्या तुकड्याच्या आकाराविषयी होता. महालनोबिस खर्च आणि श्रम वाचवणाऱ्या लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. तुकडा फार लहान असल्यास त्याच्या कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन वाजवीपेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवले. इ.स. १९४६ मध्ये दोघांनीही ‘नेचर’ या नियतकालिकातून आपापली बाजू मांडली.

दुसरा मतभेद पाहणी कोणी करावी याबद्दल होता. महालनोबिस यांना स्वतंत्र, खास प्रशिक्षित कर्मचारी हवे होते. सुखात्मे यांनी गावात आधीपासून असलेल्या महसूल व कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घेण्याची पद्धत विकसित केली. देशाच्या अधिकृत पीककापणी प्रयोगांत सुखात्मे यांची पद्धत रूढ झाली. कायमधाऱ्याचा बंगाल आणि रयतवारी प्रदेश यांतील प्रशासनाचा फरक या वादामागे होता.

राष्ट्रीय नमुना पाहणी

स्वातंत्र्यानंतर इ.स. १९४९ मध्ये महालनोबिस केंद्रीय मंत्रिमंडळाचे सांख्यिकी सल्लागार झाले. त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. राष्ट्रीय उत्पन्न काढण्यासाठी लागणारी कितीतरी माहिती उपलब्धच नाही, असे समितीच्या कामात आढळले. ही उणीव भरून काढण्यासाठी इ.स. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या पहिल्या फेरीसाठी १,८३३ खेडी निवडण्यात आली. तिच्या क्षेत्रकामात गोखले संस्थेचाही सहभाग होता.

भाषा, वजने-मापे आणि जमीन मोजण्याची परिमाणे प्रांतागणिक वेगळी असल्याने प्रश्नावली तयार करणे हेच मोठे काम होते. त्याहून कठीण प्रश्न स्मरणाचा होता. कुटुंबाने किती धान्य खाल्ले हे विचारताना मागील आठवड्याचा हिशेब घ्यावा की मागील महिन्याचा? आठवडा जवळचा असल्याने नीट आठवतो. पण आधीची खरेदीही चुकून त्यात मोजली जाते. महिन्याच्या हिशेबात काही गोष्टी विसरल्या जातात. हा प्रश्न केवळ चर्चेने न सोडवता इ.स. १९५२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये प्रयोग करण्यात आला. काही कुटुंबांना आठवड्याचा आणि काहींना महिन्याचा वापर विचारला गेला आणि उत्तरांची तुलना प्रत्यक्ष तोलून केलेल्या नोंदींशी केली गेली. महिन्याची उत्तरे वस्तुस्थितीला अधिक जवळची निघाली. पुढे अनेक दशके भारतातील खर्चविषयक पाहण्यांत ३० दिवसांचा कालावधी प्रचलित राहिला.

विश्लेषणाच्या पद्धती

महालनोबिस यांच्या दृष्टीने विश्लेषण हे पाहणीनंतरचे वेगळे काम नव्हते. पाहणीच्या रचनेतच त्याचा विचार झालेला असे. इ.स. १९६० मध्ये त्यांनी खंडश: आलेखी विश्लेषणाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात कुटुंबे दरडोई खर्चाच्या चढत्या क्रमाने लावून त्यांचे समान संख्येचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर मांडतात. दोन काळांतील किंवा दोन प्रदेशांतील रेषा तुलनेसाठी एकाच आलेखावर काढता येतात. स्वतंत्र उपनमुन्यांच्या रेषाही तशाच काढल्या की त्यांच्यामधील जागा चुकीची व्याप्ती दाखवते. त्यामुळे एकूण सरासरीत न दिसणारी गरीब गटांची स्थिती वेगळी पाहता येते. उत्पन्नाचे वाटप व राहणीमान यांविषयी इ.स. १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते.

संयुक्त राष्ट्रांच्या नमुना निवडविषयक उपआयोगावरही इ.स. १९४७ ते १९५१ या काळात त्यांनी काम केले. नमुना कसा निवडला, माहिती कोणत्या रीतीने गोळा केली आणि अंदाजातील चूक किती, हे अहवालात नमूद करावे, अशी शिफारस या उपआयोगाने केली.

उत्तरायुष्य, सन्मान आणि वारसा

इ.स. १९५५ ते १९६७ या काळात महालनोबिस नियोजन आयोगाशी संबंधित होते. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागे त्यांचे प्रतिमान होते. त्यातून शेती आणि उपभोग्य वस्तूंकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका त्यावर झाली. इ.स. १९४५ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १९५९ च्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. इ.स. १९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. इ.स. १९७० नंतर राष्ट्रीय नमुना पाहणीची पुनर्रचना होऊन तिचे सर्व काम शासकीय संघटनेकडे गेले. वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता कोलकाता येथे महालनोबिस यांचे निधन झाले. इ.स. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस, २९ जून, भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

त्यांनी हाताळलेले प्रश्न त्यांच्यानंतरही जिवंत राहिले. इ.स. १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत अन्नपदार्थांचा वापर ७ दिवसांसाठी आणि ३० दिवसांसाठी असा एकाच मुलाखतीत शेजारी शेजारी विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाल्याची शंका निर्माण झाली आणि त्या वर्षीचे दारिद्र्याचे आकडे पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील का, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. देशात गरीब किती, या प्रश्नाचे उत्तर प्रश्न विचारण्याच्या रीतीनुसार बदलू शकते, हे या वादाने पुन्हा एकदा दाखवून दिले.