आधी वाट बघा, मग सायकल घ्या!

सायकल घ्यायची ठरली की पहिले आठ दिवस आपण दुकानात जात नाही, मोबाइलमध्ये जातो. रात्री बारा वाजता व्हिडिओ सुरू. परदेशातल्या कुठल्या तरी डोंगरावरून एक पोरगा दगडांवरून उड्या मारत खाली येतोय. पुढे-मागे जाडजूड शॉकअप, टायर मोटारसायकलसारखे. आपण जुळे सोलापुरात गादीवर पडल्या पडल्या ठरवून टाकतो, बस, घ्यायची तर हीच! किंमत ऐकल्यावर घरात काय होतं, ते सांगायला नको.

पण त्या व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. तो पोरगा डोंगरावर चढला कसा? बहुतेक वेळा तो दोरीवरच्या पाळण्यातून नाहीतर गाडीतून वर गेलेला असतो. सायकलही तशीच बनवलेली, फक्त उतरायला. आपल्याकडे तुळजापूरच्या घाटाला असला पाळणा नाही. सोलापुरातून निघा, पंचेचाळीसेक किलोमीटर पायडल मारा, बालाघाट चढा, मग कुठे उतार. म्हणजे आपल्याला उतारावर टिकणारी सायकल तर हवीच, पण तिने पायडल मारणाऱ्याचा जीव घ्यायला नको.

यंत्र कुठल्या वाटेवर आणि कुणाच्या ताकदीवर चालणार, हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला, असा एक सायकलवाला आपल्याकडे होऊन गेला. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. हो, तेच. शेतातल्या पंपावर ज्यांचं आडनाव असतं ते. पंप, इंजिनं हे सगळं नंतरचं. सुरुवात सायकलींपासून झाली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि पोराचं लक्ष चित्रांत नाहीतर यंत्रांत. शाळेत मन रमेना. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि धाकट्याला चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. तिथे दोनेक वर्षांत कळलं की या मुलाला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्याला याहून मोठा धक्का कोणता? लक्ष्मणराव घरी परतले नाहीत. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, रेघ सरळ लागते. ते तिकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले.

त्याच काळात त्यांना सायकल भेटली. तेव्हा सायकल ही नवलाईची वस्तू होती आणि ती रोज बदलत होती. आधीच्या सायकलींचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असायचं. खड्ड्यात गेलं की स्वार हँडलवरून थेट तोंडावर. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन, अशी रोव्हर सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आज आपण जिला सायकल म्हणतो, ती या तीन-चार वर्षांत घडली. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले, तिचा पुर्जा न् पुर्जा समजून घेतला, आणि मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायला लागले. तिकडे विक्री रामुअण्णा बघायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर समूह आपलं स्थापनेचं वर्ष १८८८ धरतो, ते याच सायकलच्या धंद्यामुळे.

पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पगार बंद, हाताशी एक सायकलचं दुकान. ते सायकली विकायचे, दुरुस्त करायचे, आणि ज्याला येत नाही त्याला पैसे घेऊन चालवायला शिकवायचे.

आता जरा त्या वेळच्या सायकलवर बसून बघा. तिला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. सपाटीला ठीक. उतार लागला की पायडल इतक्या जोरात फिरायचे की पाय वर उचलून धरावे लागायचे, आणि पाय उचलले की सायकल आवरायची कशी? पाय न हलवता उतरू देणारं फ्रीव्हील १९०० च्या आसपास सगळीकडे रुळलं. म्हणजे चढाला पायडल मारायचे आणि उताराला सायकल ताब्यात ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकाच सायकलवर जमवण्याचा झगडा सायकलच्या जन्मापासूनचा आहे. सायकल विकणाऱ्याला तो झगडा कागदावर नाही, गिऱ्हाइकाच्या फुटलेल्या गुडघ्यावर दिसतो.

लक्ष्मणराव सायकलींवर थांबले नाहीत. आजूबाजूला शेतकरी होते, म्हणून त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र काढलं. आपल्या सोलापूर-मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या मुलखात कडबाकुट्टी काय असते ते सांगायला नको. मग आला लोखंडी नांगर, साल १९०३. याच वर्षी २८ मे रोजी त्यांचे चिरंजीव शंतनुराव जन्मले, आणि ते जन्मले आपल्या सोलापुरात! किर्लोस्कर मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर यांचाही जन्म सोलापूरचाच.

नांगर मात्र खपेना. एक नाही, जवळपास दोन वर्षं. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज हसू येतं, पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. हातातला लाकडी नांगर गावच्या सुताराकडून दुरुस्त होतो. लोखंडी नांगर मोडला तर? आणि तो ओढणार कोण? बैल आपलेच. जो नांगर खोल जातो पण बैलांना ओढवत नाही, तो बांधावरच पडून राहणार. काळ्या रानात हराळी आणि कुंदा मुळापासून काढायचा तर खोल नांगरट हवी, हे शेतकऱ्यालाही माहीत होतं. त्याला फक्त ते आपल्या रानात, आपल्या बैलांमागे बघायचं होतं. पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा त्याच नांगराने किर्लोस्करांचं नाव गावोगाव नेलं.

धंदा जरा बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. कारखाना हलवायचा कुठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, ३२ एकर माळरान. निवडुंग, दगड आणि साप. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे उतरले. सुख एकच होतं, दारात रेल्वे. लोखंड आत आणता येत होतं, नांगर बाहेर पाठवता येत होते. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. शंतनुरावांना अमेरिकेत एमआयटीला शिकायला पाठवलं. नांगरामागून उसाचे चरक आले, पंप आले. सोलापुरात शिवाजी वर्क्स आलं, आणि होटगी रोडला किर्लोस्करांचं ओतकाम आजही चालतं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांच्या हयातीत माउंटन बाइक नावाची वस्तूच नव्हती. ती जन्मली १९७० च्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसच्या उतारांवर. तिथली पोरं १९३०-४० च्या जुन्या, वजनदार सायकली ट्रकमध्ये घालून वर न्यायची आणि मातीच्या वाटेने खाली सुटायची. एका उताराचं नावच रीपॅक पडलं. तिथे उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. रोज ट्रक कोण देणार? मग १९७७ मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. पुढे गिअर आले, चांगले ब्रेक आले, आणि ज्याने उतरायचं त्यानेच पायडल मारत चढायचं हे जमायला लागलं. नांगर आणि बैलांचाच हिशोब. फक्त इथे बैल आपण स्वतः!

आता या हिशोबाने आपली सायकल निवडू.

फक्त उतारासाठी बनलेल्या डाउनहिल सायकलीला पुढे-मागे साधारण २०० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन असतं. वजन जास्त, सीट खाली, गिअर मोजके. ती आपल्या कामाची नाही. आपण बघायची ती ट्रेल सायकल. हिचं सस्पेन्शन १२० ते १५० मिलिमीटरच्या घरात असतं. घाटातल्या सुट्या दगडांना ते पुरतं, आणि परतीच्या सपाटीला सायकल ओझं होत नाही.

मागे शॉकअप असलेल्या सायकलवर जोरात पायडल मारला की ती खाली-वर झुलते. आपली ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जाते. चांगल्या सायकलींत मागच्या सांध्यांची रचना अशी असते की चेनचा ताणच ते झुलणं बऱ्यापैकी थोपवतो. शिवाय चढाला शॉक कडक करायची छोटी दांडी असते. दुकानात दोन्ही बघा. दांडी नसेल आणि जागच्या जागी चार पायडल मारल्यावर सायकल घोड्यासारखी नाचत असेल, तर सोडून द्या.

मग बसायची जागा. सीटचा दांडा जितका सरळ उभा, म्हणजे ७५-७७ अंशांच्या आसपास, तितके आपण पायडलच्या वर येतो आणि चढाला पुढचं चाक उचललं जात नाही. पुढचा फोर्क मात्र जरा तिरका, ६५-६६ अंशांचा असला की उतारावर सायकल डगमगत नाही. हँडलवरचं बटण दाबून सीट खाली घेता येणारा ड्रॉपर असेल तर सोन्याहून पिवळं. चढताना सीट वर, उतरताना खाली. मागची सगळ्यात मोठी चक्री ५० दातांच्या आसपासची असली की दमलेल्या पायांनीही घाट निघतो. ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्या. लांब उताराला दोन बोटांत सायकल थांबली पाहिजे.

राहिली आपली माती. इथे वेडी बाभूळ आहे आणि तिचा काटा कुठल्याही कंपनीच्या टायरला ओळखतो. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट असेल तर बारीक छिद्रं आपोआप बुजतात. २.४ इंची रुंद टायर मुरमावर चांगली पकड देतो. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. म्हणून चाक आणि फ्रेममध्ये बोटभर तरी मोकळी जागा आहे का, तेवढं बघा.

बजेट कमी असेल तर? मग दोन शॉकअपचा नाद सोडा. स्वस्त सायकलीत मागे नुसती स्प्रिंग असते. ती वजन वाढवते, झुलते आणि वर्षभरात कुरकुरायला लागते. त्याच पैशांत मागे शॉक नसलेली हार्डटेल घेतली तर फ्रेम, ब्रेक आणि गिअर बरेच चांगले मिळतात. आणि हवेचा शॉक असलेली घेतलीच, तर तुमच्या वजनानुसार पंपाने हवा भरून घ्या. नुसतं बसल्यावर मागचा शॉक पाव ते तीस टक्के दबला, तर समजायचं जमलं. हे न करता घरी आणली तर लाखाची सायकलही बैलगाडीसारखी चालते.

सगळ्यात आधी एक रविवार काढा. मित्राची साधी सायकल मागून घ्या, पहाटे निघा, हिप्परग्याचा तलाव मागे टाकून तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन या. कुठे दम लागला, कुठे हात भरून आले, कुठे पंक्चर झाली, सगळं लक्षात ठेवा. मग दुकानात जा. रंग कोणता, ते शेवटी विचारा. लक्ष्मणरावांना तर काही रंग ओळखूच येत नव्हते, त्यांचं काय अडलं? दुकानदाराला पहिला प्रश्न एवढाच करा, की हिच्यावर बसून मला वर जाता येईल का?