विल्यम हेन्री वेल्च

विल्यम हेन्री वेल्च (८ एप्रिल, १८५० – ३० एप्रिल, १९३४) हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ आणि वैद्यकशिक्षणतज्ज्ञ होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पहिले अधिष्ठाता होत. त्यांच्या स्वतःच्या संशोधनापेक्षा तरुण डॉक्टरांना संशोधक म्हणून घडविण्याचे त्यांचे कार्य अधिक महत्त्वाचे मानले जाते.

== जीवन व शिक्षण ==
वेल्च यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील नॉरफोक या गावी डॉक्टरांच्या घराण्यात झाला. ते सहा महिन्यांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. १८७० मध्ये येल येथून पदवी घेतल्यावर ग्रीक भाषेचे अध्यापक होण्याची त्यांची इच्छा होती. ती सफल न झाल्याने ते वैद्यकाकडे वळले. १८७५ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली.

त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण मुख्यतः व्याख्यानांवर चालत असे. प्रयोगशाळेतील शिक्षणासाठी वेल्च १८७६ मध्ये युरोपला गेले. लाइपझिग येथे कार्ल लुडविग आणि ब्रेस्लाऊ येथे युलियस कोनहाइम यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १८७८ मध्ये परतल्यावर त्यांनी न्यू यॉर्कमधील बेलव्ह्यू येथे विकृतिशास्त्राची छोटी अध्यापन-प्रयोगशाळा उभारली.

== बाल्टिमोरमधील प्रयोगशाळा ==
१८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. विद्यापीठाचा निधी मात्र बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या समभागांत गुंतलेला होता. त्यांचे उत्पन्न घटल्याने वैद्यकीय महाविद्यालय १८९३ पर्यंत उघडता आले नाही. ही अडचण एका अर्थाने उपकारक ठरली. पदवीपूर्व विद्यार्थी नसल्याने वेल्च यांच्या प्रयोगशाळेत आधीच डॉक्टर झालेले तरुण संशोधनासाठी येऊ लागले.

वेल्च शिष्यांच्या कामात रोज लक्ष घालत नसत. ते प्रश्न सुचवीत, त्या विषयावरील युरोपातील लेखन दाखवून देत आणि पुढचा मार्ग ज्याचा त्याला शोधू देत. तयार झालेल्या शिष्याला योग्य जागी काम मिळवून देण्यासाठी ते आपले वजन खर्च करीत. पत्रांना उत्तर न देण्याबद्दल मात्र त्यांची ख्याती होती. शिष्यवर्गात ते 'पॉप्सी' या लाडक्या नावाने ओळखले जात. जॉर्ज नटल यांच्यासह त्यांनी वायुकोथास कारणीभूत ठरणाऱ्या जीवाणूचे वर्णन १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन' हे नियतकालिक सुरू केले. त्यामुळे अमेरिकन संशोधकांना आपले प्रायोगिक काम प्रसिद्ध करण्यास हक्काचे स्थान मिळाले.

== शिष्य ==
लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड १८९०-९१ मध्ये वेल्च यांच्या प्रयोगशाळेत शिकले. १९०० मध्ये क्यूबात रीड यांच्या आयोगाने पीतज्वर डासामुळे पसरतो हे सिद्ध केले. आयोगाचे सदस्य जेसी लझीर याच रोगाने मरण पावले. गाळणीतून पार होणाऱ्या रोगकारकाविषयी जर्मनीत झालेल्या संशोधनाकडे वेल्च यांनी रीड यांचे लक्ष वेधले. त्यानुसार जेम्स कॅरोल यांनी केलेल्या प्रयोगांतून पीतज्वराचा कारक जीवाणूंहून सूक्ष्म असल्याचे दिसून आले.

सायमन फ्लेक्सनर हे त्यांचे आणखी एक शिष्य रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. या संस्थेच्या वैज्ञानिक संचालक मंडळाचे अध्यक्षपद वेल्च यांनी १९०१ पासून तीन दशकांहून अधिक काळ सांभाळले. १९१० मध्ये संस्थेने स्वतःचे रुग्णालय उघडले. तेथे निवडक आजारांच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टरच प्रयोगशाळेत त्या आजारांचा अभ्यास करीत. त्यांच्या विभागात साहाय्यक असलेले जॉर्ज व्हिपल यांना १९३४ मध्ये, वेल्च यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

== पूर्णवेळ प्राध्यापकांचा वाद ==
रुग्णोपचार शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी खासगी व्यवसायाचे उत्पन्न सोडून पगारावर अध्यापन व संशोधन करावे, या योजनेचा वेल्च यांनी पुरस्कार केला. १९१३ मध्ये तिच्यासाठी जनरल एज्युकेशन बोर्डाने १५ लाख डॉलरची देणगी दिली. वेल्च यांचे जुने सहकारी विल्यम ऑस्लर यांनी ऑक्सफर्डहून योजनेला विरोध केला होता. असे प्राध्यापक समाजापासून तुटतील, अशी त्यांना भीती होती. या व्यवस्थेतील पहिले वैद्यक प्राध्यापक थिओडोर जेनवे यांनी १९१७ मध्ये पद सोडले. तरीही तरुण डॉक्टरास संशोधनासाठी निर्वेध वेळ मिळावा, हे तत्त्व पुढे अनेक महाविद्यालयांनी स्वीकारले.

== उत्तरायुष्य व मूल्यमापन ==
१९१६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचे ते पहिले संचालक होते. त्यानंतर त्यांनी वैद्यकाच्या इतिहासाचे अध्यापन केले. ते आजन्म अविवाहित राहिले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातच त्यांचे निधन झाले.

संस्थात्मक कामांत गुंतल्यामुळे त्यांचे स्वतःचे संशोधन विसाव्या शतकात जवळजवळ थांबले. मेरी गॅरेट यांच्या देणगीच्या अटीमुळे महाविद्यालयात स्त्रियांना आरंभापासून प्रवेश मिळाला; कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र वेल्च यांच्या हयातीत तो मिळाला नाही. ही मर्यादा लक्षात घेऊनही, अमेरिकन वैद्यकात संशोधकांच्या पिढ्या घडविणारी परंपरा निर्माण करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते.