पंडिता रमाबाई : पुस्तकाकडून वचनाकडे

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांच्याबरोबर त्या लहानपणापासून तीर्थयात्रा करीत फिरल्या आणि संस्कृत ग्रंथ पाठ करीत वाढल्या. १८७४ च्या दुष्काळात आईवडील दगावले. ऐकलेली शिकवण खरी आहे का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करू लागला. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

विवाहानंतर सिल्चर येथे त्यांना घरातील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. देवाच्या वचनाशी त्यांची ओळख अशी वाढू लागली. पतीच्या निधनानंतर १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयास राहिल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

आता खरी परीक्षा होती. मंडळी जे शिकवते ते मुकाट्याने मान्य करावे, अशी भगिनींची अपेक्षा होती. रमाबाईंना मात्र त्रैक्यासारख्या शिकवणींबद्दल प्रश्न होते. हे शास्त्रात कोठे आहे, असे त्या मोकळेपणाने विचारीत. ज्यांनी आसरा दिला, ज्यांच्याकडे आपले लेकरू वाढत होते, त्यांनाच असे विचारणे सोपे नव्हते. संबंध ताणले गेले. तरी रमाबाईंनी उपकार विसरले नाहीत आणि प्रश्नही दडपले नाहीत.

१८८९ साली भारतात परतून त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढे विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे ‘मृत्यूतून जीवनात’ या अर्थाच्या नावाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम पाळक झाले, उपदेश करू लागले, पण त्यांचे स्वतःचे परिवर्तन काही वर्षांनी झाले. हे वाचून रमाबाईंनी लेखकाची पारख करण्याआधी स्वतःची पारख केली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळाला आहे का? उत्तर शोधण्यासाठी त्या पवित्र शास्त्राकडे वळल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना तारणाची खात्री लाभली. त्या पुस्तकाचे काम त्यांना वचनापर्यंत नेण्याचे होते. वचनाची जागा त्याने घेतली नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधार स्त्रिया व मुले त्यांच्या छायेत आली. त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती. वचन स्वतः वाचता आले नाही, तर त्या शिकवण पारखणार कशी? म्हणून रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. मुक्तीतल्या मुलींनी छपाईचे काम शिकून घेतले. १९२१ साली मनोरमेचा मृत्यू झाला, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रियांनो, बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणे आनंदाने ऐकले आणि ते तसेच आहे का, हे दररोज शास्त्रात शोधले (प्रेषितांची कृत्ये १७:११). आज आपल्याकडे ख्रिस्ती पुस्तकांची व मोबाईलवरील संदेशांची कमतरता नाही. ती जरूर वाचा व ऐका. लेखक प्रसिद्ध आहे किंवा त्याने आपल्यावर उपकार केले आहेत, एवढ्यावर मात्र थांबू नका. दिलेली वचने उघडा, मागचापुढचा संदर्भ वाचा. हे शिक्षण ख्रिस्ताकडे नेते की माणसाकडे, ते पाहा. आणि वचन जेथे आपल्यालाच दोषी ठरवते, तेथे नम्र व्हा. रमाबाईंनी दोन्ही केले.