सेनापती बापट : मुळशीच्या नेत्याचे गुण आणि उणिवा



कॉलेजचा बास्केटबॉल संघ हरला की आपण प्रशिक्षकाला लगेच नापास करतो, आणि जिंकला की त्याच्या चुका विसरून जातो. थोरांची चरित्रं शिकवतानाही आपलं असंच होतं. मुलं वहीत त्यागी, शूर, देशभक्त एवढं लिहितात आणि पाठ संपतो. म्हणून आज एका हरलेल्या लढ्याच्या नेत्याला, सेनापती बापटांना, नीट जोखून पाहू या.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तिथे इंग्रज राजवटीविरुद्ध भाषण केलं म्हणून शिष्यवृत्ती गेली. मग ते पॅरिसला बॉम्बची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये भारतात परतले. काही वर्षं भूमिगत राहिले, पकडले गेले. सुटल्यावर हा शिकलेला माणूस गावचे रस्ते झाडू लागला, बरं का!

आता मुळशीकडे वळू. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनी मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधत होती. पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. त्यांत बायाबापड्याही होत्या. काम काही महिने थांबलं. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिलं.

त्यांचा पहिला गुण हाच, की जे लोकांना करायला सांगायचं ते आधी स्वतः करायचं. झाडू असो की तुरुंग, ते पुढे असत. दुसरा गुण चिकाटीचा. मुळशीसाठी ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, पण मागे हटले नाहीत.

मग उणीव कुठे होती? बघा, बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या हातात होत्या आणि कसणारे मावळे वेगळे होते. जमीनदार पैशाच्या भरपाईला राजी झाले, तशी एकी फुटली. कसणाऱ्याला नुसते पैसे नको होते, त्याला त्याची माती हवी होती. अशा वेळी पांगलेल्या माणसांना पुन्हा जोडणं हे नेत्याचं खरं काम. बापटांनी मात्र भार स्वतःच्या अंगावर घेतला. १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण उभं राहिलं.

खेळाडू थकले की स्वतःच चेंडू घेऊन धावणारा प्रशिक्षक असतो ना, तसंच हे झालं. त्याच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण संघ मागे राहतो. ज्या आयाबहिणी धरणावर बसल्या होत्या, त्यांना या शेवटच्या डावात जागाच उरली नाही.

तरीही निकाल एवढ्यावरच लावू नका. जमीनदार फुटले हा एकट्या बापटांचा दोष नव्हता, समोर सरकार आणि कंपनी दोन्ही होती. १९३१ मध्ये सुटल्यावरही ते थकले नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही ते उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. आज पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत.

पुढच्या वेळी मुळशीच्या तलावावर सहल गेली, तर पाण्याकडे बोट दाखवून मुलांना दोन प्रश्न विचारा. बापटांकडून आपण काय घ्यावं? आणि त्यांच्या जागी आपण असतो तर काय वेगळं केलं असतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याने थोरांचा अपमान होत नाही. तेव्हा मुलं चरित्र पाठ करायचं सोडून त्यावर विचार करायला लागतात.