विश्लेषण : पुणे डिव्हिजनच्या सुटकेसाठी धाडलेले ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ कोण होते?

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इराकमधील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढले. तीत मराठा पलटणीही होत्या. एप्रिल १९१६ मध्ये तुर्की सेनापतीला लाच देऊन त्यांना सोडवण्याच्या कामगिरीवर कॅप्टन टी. ई. लॉरेन्स गेले. २० लाख पौंडांपर्यंतचा प्रस्ताव फेटाळला गेला. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार जण शरण आले. अनेकांचा कैदेत मृत्यू झाला.

गुप्तचर कसे झाले?
१८८८ मध्ये वेल्समध्ये जन्मलेले लॉरेन्स पुरातत्त्वाचे अभ्यासक. युद्धापूर्वी उत्खननावर असताना त्यांची अरबी पक्की झाली. युद्धात कैरोच्या लष्करी गुप्तचर कार्यालयात ते नकाशे आणि तुर्की पलटणींची माहिती जुळवत.

अरब उठावात भूमिका काय?
जून १९१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांनी तुर्की साम्राज्याविरुद्ध उठाव केला. त्यांचे पुत्र फैसल यांचे लॉरेन्स सल्लागार बनले. हेजाज रेल्वेवर सुरुंग लावले गेले. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर पडले.

मग वाद कशाचा?
अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवणाऱ्या ब्रिटनने १९१६ मध्येच फ्रान्सशी गुप्त करार करून तो प्रदेश वाटून घेतला होता. हे कळल्यावरही लॉरेन्स अरबांना लढवत राहिले. त्याची बोचणी त्यांना कायम राहिली. १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातानंतर त्यांचे निधन झाले.