विश्लेषण : खरजेच्या वॉर्डातून घडली त्वचारोगतज्ज्ञांची पहिली शाळा... कोण होते फर्डिनांड फॉन हेब्रा?

त्वचारोगात एमडी करायला आलेल्या निवासी डॉक्टरचा पहिला धडा पुस्तकात नसतो, तो ओपीडीत असतो. रुग्ण समोर बसतो, सदरा काढतो आणि वरिष्ठ विचारतात, काय दिसते आहे? आधी नीट पाहायचे, मग हात लावायचा, मग बोलायचे. शिकवण्याच्या या पद्धतीला सुमारे १८० वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात आकार आला. तो देणारा डॉक्टर ज्या वॉर्डात काम करत होता, तिथे जायला कोणीच उत्सुक नसे.

हेब्रा त्वचारोगांकडे कसे वळले?

फर्डिनांड फॉन हेब्रा यांचा जन्म ७ सप्टेंबर १८१६ रोजी मोराव्हियातील ब्रनो शहरात झाला. आज हे शहर चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. १८४१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते तिथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये योसेफ श्कोडा यांचे सहायक झाले. श्कोडा हे छातीच्या रोगांचे नामवंत तज्ज्ञ होते. त्यांच्या विभागाला त्वचारुग्णांचा एक वॉर्ड जोडलेला होता आणि तो खरजेचा वॉर्ड म्हणूनच ओळखला जाई. मोच्यांकडे, शिंप्यांकडे काम शिकणारी गरीब पोरे तिथे भरती होत. हुशार डॉक्टरांना या कामात भविष्य दिसत नव्हते. श्कोडांनी तो वॉर्ड तरुण हेब्रांकडे सोपवला. हेब्रांनी ती शिक्षा मानली नाही. एकाच जागी शेकडो त्वचारुग्ण रोज पाहायला मिळणे ही त्यांना संधी वाटली.

खरजेने नेमके काय शिकवले?

खरूज, इसब यांसारखे विकार शरीरातील रस बिघडल्याने होतात, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. त्यामुळे रक्त काढणे, जुलाब देणे हे उपचार चालत. पुरळ वरून दाबले तर रोग आत जाईल, अशी भीतीही होती. अंगावरचे आत जाते, असे म्हणणारे आपल्याकडे आजही भेटतात.

खरजेचा सूक्ष्म कीटक त्याआधीही पाहिला गेला होता. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने तो सुईच्या टोकावर काढून दाखवला होता. तरीही कीटक हे रोगाचे कारण की परिणाम, हा वाद मिटला नव्हता. हेब्रांनी तो कीटक स्वतःच्या अंगावर सोडला, खाज सोसली आणि पुरळ कसे उठते, कुठे पसरते याची नोंद ठेवली. १८४४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. कीटक आला की खरूज होते आणि तो मेला की खरूज जाते. त्यासाठी गंधकाचे मलम पुरते, रक्त काढायची गरज नाही.

इसबाबाबतही त्यांनी हाच मार्ग धरला. निरोगी त्वचेवर जमालगोट्याचे तेल चोळून त्यांनी इसबासारखे पुरळ उठवून दाखवले. लाली, पुटकुळ्या, पाणी सुटणे, खपल्या हे वेगवेगळे रोग नसून एकाच विकाराच्या पायऱ्या आहेत, हे त्यातून विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसले.

त्यांच्या वॉर्डात प्रशिक्षण कसे चाले?

व्हिएन्नात तेव्हा कार्ल रोकिटान्स्की शवविच्छेदनातून रोगांची मुळे शोधत होते. तीच दृष्टी हेब्रांनी त्वचेला लावली. १८४५ मध्ये त्यांनी त्वचारोगांचे १२ गट मांडले. हे गट रुग्णाच्या तक्रारीवर नव्हे, तर त्वचेत प्रत्यक्ष काय बिघडले आहे यावर आधारलेले होते. गोंधळात टाकणाऱ्या शेकडो नावांच्या जागी शिकणाऱ्याच्या हाती एक नकाशा आला.

१८४९ मध्ये ते प्राध्यापक झाले. ते रुग्णाची हकीकत ऐकण्याआधी त्वचा पाहत. हातावरचे घट्टे, डाग, ओरखडे यांवरून रुग्णाचा धंदा ओळखण्यासाठी ते प्रसिद्ध होते. ही जादू नव्हती, पाहण्याची सवय होती आणि तीच त्यांना विद्यार्थ्यांत उतरवायची होती.

जे विद्यार्थी व्हिएन्नाला येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी त्वचारोगांचा रंगीत चित्रसंग्रह काढला. १८५६ ते १८७६ अशी २० वर्षे तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत राहिला. त्यातील चित्रे आंटोन एल्फिंगर आणि कार्ल हाइट्समान यांनी काढली. हे दोघे चित्रकार स्वतः डॉक्टर होते. भाजलेल्या आणि पेम्फिगसच्या रुग्णांना कोमट पाण्यात सलग अनेक दिवस ठेवण्याची जलशय्याही हेब्रांनी वापरात आणली.

त्यांचे विद्यार्थी कोण होते?

मोरित्स कापोसी हे सर्वांत परिचित नाव. हंगेरीहून आलेले कापोसी आधी हेब्रांचे सहकारी आणि पुढे जावई झाले. हेब्रांच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखन त्यांनी केले आणि गुरूंनंतर विभागही सांभाळला. कापोसी सार्कोमा हा कर्करोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सोरायसिसची खपली खरवडल्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, त्या खुणेला ज्यांचे नाव आहे ते हाइनरिश ऑस्पिट्झ हेही याच शाळेतले. बोस्टनचे जेम्स व्हाइट व्हिएन्नात हेब्रांकडे शिकून परतले आणि १८७१ मध्ये हार्वर्डमध्ये त्वचारोगाचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतील या विषयाचे ते पहिलेच अध्यासन.

सेमेलवाइस प्रकरणात त्यांची भूमिका काय होती?

१८४७ मध्ये याच रुग्णालयाच्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. सेमेलवाइस स्वतः लिहायला तयार नव्हते. तेव्हा व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकाचे संपादक असलेल्या हेब्रांनी डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये हा शोध जगापुढे मांडला. वरिष्ठांचा रोष ओढवू शकेल अशी ती भूमिका होती.

पण या मैत्रीचा शेवट वेदनादायी झाला. १८६५ मध्ये सेमेलवाइस यांचे मानसिक संतुलन बिघडल्याचे कुटुंबीयांना वाटू लागले. ते व्हिएन्नाला आल्यावर आपली नवी संस्था दाखवतो असे सांगून हेब्रा त्यांना मनोरुग्णालयात घेऊन गेले. सेमेलवाइस तिथून बाहेर आले नाहीत. सुमारे दोन आठवड्यांत, १३ ऑगस्ट रोजी, जखमेतील संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. मित्राचे भले व्हावे म्हणून केलेल्या फसवणुकीची ही नोंद हेब्रांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

ते कुठे चुकले?

बाह्य कारणांवर हेब्रांचा इतका भर होता की, शरीरातील आजार त्वचेवर उमटतात या बाजूकडे त्यांचे काहीसे दुर्लक्ष झाले. देवी आणि कांजिण्या हा एकच रोग आहे, असे ते ठामपणे मानत. गुरूंचा दबदबा मोठा असल्याने व्हिएन्नात हे मत दीर्घकाळ टिकले. डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या शाळेतही गुरूचा शब्द डोळ्यांपेक्षा मोठा होऊ शकतो, हे यातून दिसते.

आजच्या निवासी डॉक्टरांसाठी काय उरले?

५ ऑगस्ट १८८० रोजी व्हिएन्नात हेब्रांचे निधन झाले. आज बायोप्सी आहे, डर्मोस्कोप आहे. भारतात तीन वर्षांच्या एमडीमध्ये त्वचारोगांबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही शिकवले जातात. पण औषध दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने रूप बदललेली खरूज किंवा गजकर्ण समोर आले की, यंत्राआधी डॉक्टरची नजरच कामी येते. बोटांच्या बेचक्या पाहा, मनगट पाहा, घरात आणखी कोणाला खाज आहे का ते विचारा, हे आजही वरिष्ठ नव्या डॉक्टरला सांगतात. हेब्रांच्या वॉर्डातही शिकवणी इथूनच सुरू होत असे.